पियानोसाठी परदेशी, पण ठरवणार कोण?

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



'मुलींचं उच्च शिक्षण' या विषयावर बोलायला मला सांगितलं आणि मी पियानोवर बोलणार असं म्हटल्यावर इथं दोघीचौघी हसल्या. त्यांचं हसणं मला समजतं. आपल्याकडे पोटगीच्या केसेस पडून आहेत, रेशनचे अर्ज अडकलेत, परवाच सातपूरहून एक बाई अंगावरच्या कपड्यानिशी निघून आली आहे, आणि ही बाई पियानो घेऊन बसली! पियानो म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू. जुन्या सिनेमात पार्टी चालू असताना नायक ज्याच्यापाशी बसून दुःखाचं गाणं म्हणतो ती. आपल्यापैकी बहुतेकींची पियानोशी ओळख एवढीच.

मी नाशिकमध्ये सव्वीस वर्षं पियानो शिकवते. माझ्या शिकवणीच्या खोलीत जे प्रश्न येतात ते आपल्या केंद्रावर येणाऱ्या प्रश्नांहून फार निराळे नसतात. मुलगी आठवीपर्यंत नियमित येते. नववीत क्लासेस सुरू झाले म्हणून आठवड्यातून एकदा. बारावीला बंद. मुलांचंही बंद होतं, हे खरं आहे. पण मुलाचं बंद होतं ते कशासाठी तरी, इंजिनिअरिंगसाठी म्हणा, स्पर्धा परीक्षेसाठी म्हणा. मुलीचं बंद होताना तिची आई मला दारात उभी राहून सांगते, "एवढं पुरे की टीचर. पुढं काय करायचंय?"

या 'पुढं काय करायचंय'ला गेल्या दोन वर्षांत माझ्या एका विद्यार्थिनीनं सरळ उत्तर दिलं. ती म्हणाली, पुढं परदेशात जाऊन पियानोच शिकायचाय. त्यावरून तिच्या घरात आणि नात्यात जे घडलं, आणि कुठली संस्था निवडायची हे शोधताना आम्हा दोघींना जे समजलं, ते मी तुमच्यापुढे ठेवणार आहे. ती आज इथं आली आहे. नाव मात्र छापू नका असं तिनं सांगितलंय, कारण तिचे नातेवाईक आपला अंक वाचतात.

वडील नोट प्रेसमध्ये कामगार. आई घरी शिवणकाम करते. घरात पियानो नव्हता. चर्चमधल्या ऑर्गनवर ती बसायला लागली आणि दहाव्या वर्षी माझ्याकडे आली. पुढे वडिलांनी हप्त्यानं एक वापरलेला डिजिटल पियानो घेतला. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांच्या आठही ग्रेड ती सोळाव्या वर्षी पार झाली. त्यापुढचं शिकवणारं माणूस नाशिकमध्ये नाही. मग शनिवारी पंचवटी एक्सप्रेसनं मुंबई, दीड तासाचा धडा, संध्याकाळच्या पंचवटीनं परत. पहिली दोन वर्षं आई सोबत जायची, मुलगी एकटी कशी जाणार म्हणून. म्हणजे आठवड्यातून एक दिवस शिलाईचं मशीन बंद. मुंबईच्या टीचरची फी, गाडीचा पास, पुस्तकं, सगळ्याचा हिशोब घरात वहीत लिहिलेला आहे. आईच्या त्या बुडालेल्या दिवसांचा हिशोब मात्र वहीत नाही. मी विचारलं तर आईच म्हणाली, "ताई, ते कुठं धरायचं?"

तिनं परदेशाचा विषय काढला तेव्हा मोठे काका म्हणाले, "आपल्या नाशकातली मुलगी असल्या गोष्टीसाठी कधी परदेशी गेलीये का?" पियानोसाठी गेली का, ते सोडा. पण नाशिकला जन्मलेली एक मुलगी शिकायला ऑक्सफर्डला गेली होती, त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १५ नोव्हेंबर १८६६ चा. मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री पदवीधर. डेक्कन कॉलेजमधून परीक्षेत वरचा क्रमांक मिळवला. अशा विद्यार्थ्याला विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, ती तिला नाकारण्यात आली. कारण एकच, ती बाई होती. मग इंग्लंडमध्ये मेरी हॉबहाउस यांच्यासारख्या बायकांनी पैसे जमवले, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हात होता, आणि १८८९ मध्ये ती सॉमरव्हिलला पोचली. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र तिला तेव्हा मिळाली नाही. ऑक्सफर्डनं बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये. तिची राजकीय मतं आपल्याला पटणारी नाहीत, इंग्रजी राज्याची ती शेवटपर्यंत कैवारी होती. पण गुणवत्ता असताना सरकारनं दार लावलं आणि बायकांनी वर्गणी काढून ते उघडलं, हे शरणपूरच्या मिशनशी नातं असलेल्या घरातल्या मुलीच्या बाबतीत घडलं. ते काकांना सांगायला मला बरं वाटलं. काका म्हणाले, "ती बॅरिस्टर झाली. ही काय होणार?"

काकांचा हा प्रश्न मी खोटा मानत नाही. पियानो शिकून पोट भरेल का, हा प्रश्न गरीब घरानं विचारलाच पाहिजे. फक्त तो मुलाच्या बाबतीतही विचारावा. त्याच घरात एका चुलतभावाला कोट्याला दोन वर्षं ठेवलं होतं. तो पास होईलच अशी कुणी हमी मागितली नव्हती.

आता संस्थांकडे येते. पाश्चात्त्य संगीत शिकवणाऱ्या अशा महाविद्यालयाला तिकडे कॉन्झर्व्हेटरी म्हणतात. या शब्दाचा इतिहास आपल्याला माहीत असावा. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ अनाथांना सांभाळण्याची जागा. नेपल्समध्ये अशा जागांत अनाथ मुलांना संगीत शिकवत. व्हेनिसमध्ये मुलींसाठीची अनाथालयं होती आणि त्यातल्या पिएता नावाच्या अनाथालयात विवाल्डी शिकवत असे. तिथल्या मुलींचं वादन ऐकायला युरोपभरातून लोक यायचे. मुली जाळीच्या आडून वाजवायच्या. आणि लग्न करून बाहेर पडायचं असेल तर पुढे जाहीर वादन करणार नाही असं कबूल करावं लागे. आपल्याकडे 'पुढं काय करायचंय' म्हणतात, त्यांच्याकडे ते नियमातच घातलेलं होतं.

पॅरिसची कॉन्झर्व्हेटरी १७९५ ची. तिथं पियानोचे वर्ग मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. १८४२ मध्ये लुईज फारांक ही स्त्री तिथं पियानोची प्राध्यापक झाली. तिला मुलींनाच शिकवायची मुभा होती, आणि त्याच कामाचा पगार पुरुष प्राध्यापकांहून कमी. आठ वर्षं तिनं तो सोसला. मग नऊ वाद्यांसाठी लिहिलेली तिची एक रचना गाजली, तेव्हा तिनं संचालकांकडे बरोबरीचा पगार मागितला आणि १८५० मध्ये घेतला. समान कामाला समान वेतन आपण मोर्चात म्हणतो. ही बाई पियानोच्या वर्गातून ते मागत होती. तिनं लिहिलेल्या सरावाच्या तीस रचना आहेत, कॉन्झर्व्हेटरीनंही त्या अभ्यासक्रमाला लावल्या होत्या. आमच्या मुलीनं प्रवेश परीक्षेसाठी एक सरावाची रचना शोपँची घेतली आहे आणि दुसरी याच फारांकची. मी सुचवली नव्हती. ग्रंथालयातून नोटेशनची पुस्तकं आणून तिनं शोधली.

पण कुठल्या संस्थेत जायचं? काकांनी आणि त्यांच्या अमेरिकेतल्या मुलानं एक यादी पाठवली. जगातल्या पहिल्या दहा संगीत संस्था, क्रमवारीनं. यादीत सगळी मोठी नावं. यादी वाचून मुलगी म्हणाली, "टीचर, यात शिकवतं कोण ते कुठं लिहिलंय?"

मला वाटतं, सगळ्या शोधातला हा सर्वांत शहाणा प्रश्न होता. आपल्याकडे गाणं शिकणाऱ्या मुलीला कुणी 'कुठे शिकतेस' असं विचारत नाही, 'कोणाकडे शिकतेस' असं विचारतात. विलायती संगीत आलं की आपण ते विसरतो आणि इमारतीचं नाव विचारायला लागतो. पियानोचं मुख्य शिक्षण आठवड्याला साधारण एक तास, एका शिक्षकासमोर, एकटीनं, असं चार-चार वर्षं चालतं. तो माणूस किंवा ती बाई कोण, ती स्वतः तिथं असते की दौऱ्यावर, तिचे विद्यार्थी पुढे काय करतात, हे कळल्याशिवाय संस्थेच्या नावाला अर्थ नाही.

याला जुना दाखला एथेल स्मिथचा आहे. इंग्लंडमधली, १८५८ ची. बाप लष्करातला जनरल. तिला जर्मनीत लाइपझिगच्या कॉन्झर्व्हेटरीत जायचं होतं, मेंडेल्सोननं १८४३ मध्ये काढलेल्या. बापानं नाही म्हटलं. तिनं घरात असहकार पुकारला, खोलीचं दार लावून घेतलं, जेवणाच्या टेबलावर बोलणं सोडलं. शेवटी बाप थकला आणि १८७७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ती लाइपझिगला गेली. इथपर्यंतची गोष्ट आपल्याला आवडते. पुढची कुणी सांगत नाही. तिथलं शिकवणं तिला नीरस वाटलं, वर्षभरात तिनं ती नावाजलेली संस्था सोडली आणि हाइनरिश फॉन हेर्झोगेनबर्ग या संगीतकाराकडे खासगी शिकायला लागली. घराशी एवढं भांडून मिळवलेली जागा तिनं सोडली आणि ती माघारी घरी आली नाही. पुढे मताधिकाराच्या चळवळीचं कूचगीत तिनंच रचलं आणि १९१२ मध्ये तुरुंगातही गेली. आपल्या मुलींना आपण एकदा निवडायची परवानगी देतो. निवडलेलं नाही पटलं तर बदलायची परवानगी देत नाही. 'हट्टानं गेलीस ना, आता भोग' हे वाक्य लग्नाबद्दल आपण ऐकलेलंच आहे.

दोन वर्षांपूर्वी मुंबईत एका जर्मन शिक्षिकेचा दोन दिवसांचा वर्ग झाला. आमची मुलगी तिथं वाजवून आली. त्या बाईंनी सांगितलं, तुझा कान उत्तम आहे, पण मनगट आखडतं, आणि हे पुन्हा मुळापासून शिकावं लागेल, सहा महिने तुला सोपेच तुकडे वाजवावे लागतील. घरी सगळ्यांना अपमान वाटला. इतक्या ग्रेड झाल्या आणि आता पुन्हा श्रीगणेशा? मुलीला अपमान वाटला नाही. ती म्हणाली, मला यांच्याकडे शिकायचंय. त्याच सुमाराला लंडनच्या एका मोठ्या कॉलेजमध्ये तिला प्रवेश मिळाला, निम्मी फी माफ. काकांच्या यादीत त्या कॉलेजचं नाव वर होतं. झालं, घरात दोन पक्ष पडले.

पैशाचं आता स्पष्टच बोलते, कारण आपल्या मुलींना ही माहिती कुणी देत नाही आणि एजंट देतात ती त्यांच्या सोयीची. लंडनच्या मोठ्या संस्थांत परदेशी विद्यार्थिनीला वर्षाला वीस हजार पौंडांच्या वर फी पडते. त्यातली निम्मी माफ झाली तरी उरलेली निम्मी आणि लंडनचं राहणं नोट प्रेसमधल्या कामगाराला घर गहाण टाकूनच जमेल. जर्मनीत सरकारी संगीत महाविद्यालयं चोवीस आहेत आणि बहुतेक ठिकाणी शिकवण्याची फी नाही, सहामाहीला थोडी वर्गणी असते. सगळीकडे मात्र असं नाही. स्टुटगार्ट, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूह, मानहाइम, ट्रॉसिंगेन ही ज्या राज्यात येतात तिथं २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो आहेत. लाइपझिगलाही फी आहे. व्हिएन्नाच्या संगीत विद्यापीठात सहामाहीला सुमारे ७२७ युरो. मुंबईच्या पियानोवादक मारियालेना फर्नांडिस याच व्हिएन्नाला शिकायला गेल्या आणि पुढे तिथल्याच विद्यापीठात शिकवू लागल्या, तेव्हा ही वाट अगदीच अनोळखी नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला कर्टिस नावाची संस्था आहे, मेरी लुईज कर्टिस बोक या स्त्रीनं १९२४ मध्ये काढलेली. तिथं १९२८ पासून कुणालाच फी नाही. पण सगळ्या जगातून मुलं अर्ज करतात आणि संबंध संस्थेत विद्यार्थी दीडशेच्या आसपास.

फी नाही म्हणून जर्मनी फुकट पडते असं समजू नका. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात दाखवावी लागते. २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो ठरली, म्हणजे अकरा-बारा लाख रुपये. ती आपलीच असते, दरमहा थोडी थोडी काढता येते, पण आधी हातात हवी. शिवाय जर्मन भाषेची परीक्षा. त्यासाठी ही मुलगी पहाटे उठून पाठांतर करते. आणि प्रवेश परीक्षा. आधी ध्वनिचित्रफीत पाठवायची. ती पसंत पडली तर प्रत्यक्ष जाऊन परीक्षकांसमोर वाजवायचं: बाखचं एक प्रील्यूड आणि फ्यूग, बीथोव्हेनचा किंवा त्या काळातला एक सोनाटा, सरावाच्या अवघड रचना, विसाव्या शतकातलं काहीतरी. पंधरा-वीस मिनिटांत निकाल. जाण्यायेण्याचा खर्च लाखाच्या घरात आणि हाती काही न लागण्याचीच शक्यता जास्त. वडिलांना सर्वांत जड गेलं ते हेच. "परीक्षा द्यायला विमान?" असं ते चार वेळा म्हणाले.

शिष्यवृत्त्या आहेत. जर्मन सरकारच्या पैशावर चालणारी डाड ही संस्था पदवी झालेल्या संगीत विद्यार्थ्यांना देते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला निधी कर्जाच्या रूपानं मदत करतो. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत डॉक्टर फ्रेनी कामा ही स्त्री होती, आणि तेही कॉर्नेलियाला सरकारनं नाकारल्यानंतर चारच वर्षांनी. सरकारी परदेशी शिष्यवृत्त्यांबद्दल मात्र आपण आवाज उठवायला हवा. दलित-आदिवासी मुलामुलींसाठीच्या या योजना फार मोलाच्या आहेत, पण त्यांची अट जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांची असते. त्या क्रमवारीत नुसतं संगीत शिकवणाऱ्या संस्था धरतच नाहीत. म्हणजे वस्तीतली एखादी मुलगी जगातल्या उत्तम संगीत संस्थेत निवडली गेली तरी सरकारच्या कागदावर ती संस्था नाहीच. नियम करणाऱ्यानं मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. दलित मुलगी पियानो शिकेल हे त्याच्या मनातच आलं नसेल.

थोडं हातांबद्दल. तुम्हाला वाटेल हे फार बारीक झालं, पण मला यात स्त्रियांचा मोठा प्रश्न दिसतो. पियानोच्या एका सप्तकाची रुंदी साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते. ही मापं एकोणिसाव्या शतकात पक्की झाली, मोठ्या सभागृहात जोरानं वाजवणाऱ्या पुरुष वादकांच्या काळात. त्याआधीच्या पियानोंच्या पट्ट्या काहीशा अरुंद असत. आज बहुतेक बायकांना सप्तक जेमतेम पुरतं, त्याच्यापलीकडे हात ताणून वाजवावं लागतं, आणि मग मनगट दुखतं, शिरा आखडतात. अशा मुलीला शिक्षक सांगतात, तुझा हात लहान आहे. पट्ट्या रुंद आहेत असं कुणी म्हणत नाही. योसेफ हॉफमन हा विख्यात वादक, त्याचे हात लहान होते, तर स्टाइनवे कंपनीनं त्याला अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले. स्पेनची आलिसिया दे लारोचा उंचीनं पाच फुटांच्याही आत, ती आयुष्यभर नेहमीच्या पियानोवर हात ताणत जगप्रसिद्ध झाली. आता अमेरिकेत स्टाइनबुलर नावाच्या माणसानं साडेपाच इंचांच्या सप्तकाची पट्टीफळी बनवली आहे आणि डलासच्या विद्यापीठात कॅरल लिओन या प्राध्यापिका ती वापरून शिकवतात. आमच्या मुलीनं प्रत्येक संस्थेला पत्रातून विचारलं, तुमच्याकडे हाताच्या दुखण्यासाठी डॉक्टर आहे का, अरुंद पट्ट्यांचा पियानो आहे का. दोन ठिकाणांहून उत्तर आलं नाही. एका ठिकाणाहून आलं की असा प्रश्न आम्हाला प्रथमच कुणी विचारला.

आणि एक प्रश्न तिनं नाही, मी विचारायला लावला. एकटी मुलगी, बंद दार, वयानं मोठा आणि अधिकारानं त्याहून मोठा शिक्षक, हाताला धरून शिकवायची पद्धत, आणि मुलीचं सगळं भवितव्य त्याच्या शिफारशीवर. 'कोणाकडे शिकतेस' या नात्याची ही दुसरी बाजू आहे, गुरुकुलात होती आणि कॉन्झर्व्हेटरीतही आहे. म्युनिकच्या संगीत महाविद्यालयाचे अनेक वर्षं अध्यक्ष असलेले पियानोवादक सीगफ्रीड माउझर लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत दोषी ठरले. २०१८ मध्ये त्यांना दोन वर्षं नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि २०१९ मध्ये ती वरच्या न्यायालयात कायम राहिली. मँचेस्टरच्या चेथम्स या संगीत शाळेचे माजी संगीतप्रमुख मायकेल ब्रुअर यांना २०१३ मध्ये शिक्षा झाली. ज्यांच्यावर विद्यार्थिनी असताना अत्याचार झाला होता त्या व्हायोलिनवादक फ्रान्सिस अँड्रेड यांनी साक्षीनंतर, निकाल लागण्याआधीच आत्महत्या केली. साक्षीच्या पिंजऱ्यात बाईचं काय होतं हे इथं बसलेल्यांना मी सांगायला नको.

हे ऐकून काका लगेच म्हणाले, "बघा, म्हणून म्हणतो पाठवू नका." मुलींवर अत्याचार होतो म्हणून मुलींनी घरी बसावं, हा युक्तिवाद आपण इतक्या वेळा ऐकलाय की त्यावर वेळ घालवत नाही. आपण विशाखा निकाल १९९७ मध्ये मिळवला आणि २०१३ चा कायदा मिळवला तो बायकांनी कामावर जायचं सोडावं म्हणून नव्हे. मी मुलीला एवढंच सांगितलं की प्रत्येक संस्थेला लिहून विचार: तक्रार कोणाकडे करायची, ती व्यक्ती त्याच विभागातली आहे का, वर्गाच्या दाराला काच आहे का, आणि तक्रार केल्यावर शिक्षक बदलून मिळतो का, की वर्ष वाया जातं. उत्तरं आली त्यांवरून आम्हाला संस्थेच्या माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त कळलं. ज्या जर्मन शिक्षिकेकडे तिला जायचंय, त्या संस्थेनं नियमांचा कागदच पाठवला.

मग उरला घरातला प्रश्न. या मुलीच्या नावानं वडिलांनी आठ लाखांची ठेव ठेवली आहे, ती जन्मल्यापासून भर घालत घालत. नाव तिचं, पण ठेव 'लग्नाची'. ही ठेव आहे हे सगळ्या नात्याला माहीत आहे आणि ती कशासाठी आहे यावर कधी चर्चा झालेली नाही. चर्चा झाली ती परीक्षेच्या विमानाच्या तिकिटावर. आईनं एकदा जपून विचारलं, की ठेव मोडली तर? सासूबाई म्हणाल्या, "मग हिला उजवायचं कशानं?" घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलेना.

मुलगी मला म्हणाली, "टीचर, तुम्ही येऊन बाबांना सांगा." मी नाही म्हटलं. मी गेले असते तर ते ऐकलेही असते, पण मग तो माझा निर्णय झाला असता. मी तिला आनंदीबाई जोशींची एक गोष्ट सांगितली. आनंदीबाईंना गोपाळरावांनी अमेरिकेला पाठवलं असंच आपण म्हणत आलो, त्यावर नाटकं-सिनेमे झाले. पण निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात ही सतरा वर्षांची मुलगी स्वतः उभी राहिली आणि मी अमेरिकेला का जाते यावर इंग्रजीतून भाषण केलं. लोक जे जे आक्षेप घेत होते ते तिनं एकेक करून घेतले आणि उत्तरं दिली. हिंदुस्थानातच का शिकत नाहीस, एकटी का जातेस, धर्माचं काय, सगळं. नवऱ्याची इच्छा असेल, पण कारणं तिनं तिच्या तोंडानं सांगितली.

तेव्हा ईस्टरच्या दुपारी, सगळे जमले असताना, आमच्या मुलीनं वहीतून वाचून दाखवलं. लंडनचा खर्च, जर्मनीचा खर्च, कोण शिकवणार, मनगटाचं काय करायचं, नापास झाले तर काय. शेवटच्या मुद्द्याला तिनं लिहिलं होतं: एक वर्ष पुन्हा प्रयत्न करीन, तोवर लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तिकिटाचे पैसे फेडीन, नंतर मुंबईत शिकवीन. काका काही बोलले नाहीत. वडिलांनी वही मागून घेतली आणि रात्री दोन ठिकाणी बेरीज दुरुस्त करून परत दिली. आई मला म्हणाली, त्यावरनंच समजले की मान्य आहे.

लंडनच्या कॉलेजला तिनं नकार कळवला आहे. काकांनी त्यानंतर फोन केलेला नाही. जर्मनीची ध्वनिचित्रफीत पसंत पडली आणि प्रत्यक्ष परीक्षा जूनमध्ये आहे. लागेल की नाही, मला खरंच सांगता येत नाही. पियानोच्या जागा तिथं वर्षाला मोजक्या निघतात आणि कोरिया, चीन, रशियातली मुलं चार वर्षांची असल्यापासून तयार होत आलेली असतात. बँकेत कर्जाला गेलो तर तिथले साहेब म्हणाले, संगीताला प्लेसमेंट काय? आणि अर्जावर आईची सही चालणार नाही, वडिलांचीच हवी. आई वर्षानुवर्षं त्याच शाखेत शिलाईचे पैसे भरते. तो वाद आपण वेगळा घेऊ, लेखी घेऊ.

आजचं म्हणणं एवढंच आहे की ठेवीचे आठ लाख धरून बंद खात्याला सुमारे साडेतीन लाख कमी पडतात. परीक्षा पास झाली तरच ते लागतील, आणि लागले तर जुलैत, लगेच. आईनं बांगड्या काढून दिल्यात, त्या मी घेऊ दिलेल्या नाहीत. आपल्या बचत गटांच्या नियमात शिक्षणासाठी कर्ज बसतं, व्याजाचा दर आपल्याला ठाऊक आहेच. परतफेडीचं वेळापत्रक तिनं स्वतः केलंय, त्याच्या प्रती मी आणल्या आहेत, चहाच्या वेळी बघा. कुणाला शंका असतील तर मला विचारू नका. ती मागच्या रांगेत बसली आहे, निळ्या ओढणीतली. तिला विचारा.